क्लाउडवरचे बिऱ्हाड

‘क्लाउड’ या शब्दाने जेवढा बुद्धिभेद केला आहे, तेवढा दुसऱ्या कोणत्या तांत्रिक शब्दाने क्वचितच केला असेल. संस्थेचे लेखन आता क्लाउडवर ठेवले आहे, असे चिटणीसांनी वार्षिक सभेत सांगितले की सभासदांची अशी समजूत होते, की ते अधांतरी, आग, पाणी आणि वाळवी यांच्या आवाक्याबाहेर जाऊन बसले. वस्तुतः ते एका इमारतीत, एका कपाटात, एका यंत्राच्या डिस्कवर असते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात ऐरोली, रबाळे, महापे या बाजूने गेल्यास अशा इमारती दिसतात. बाहेर डिझेल जनित्रांची रांग, आत रात्रंदिवस चालणारे संगणक, आणि ते तापू नयेत म्हणून थंड हवेचा अखंड मारा. पहाऱ्याला, विजेला आणि वातानुकूलनाला माणसे लागतात. तीही पाळ्यांनी राबतात. ढग म्हणतात तो हाच.

या इमारतींतले यंत्र कोणालाही भाड्याने मिळते. अमेझॉन कंपनीने २००६ साली प्रथम साठवणुकीची जागा आणि नंतर काही महिन्यांनी चालते यंत्र अशा रीतीने भाड्याने देण्यास आरंभ केला, आणि २०१६ मध्ये मुंबईत आपले केंद्र उघडले. गूगल, मायक्रोसॉफ्ट आदी कंपन्याही हाच धंदा करतात. आमच्यासारख्या चळवळीतल्या माणसाला याचे महत्त्व वाटते ते एका कारणासाठी. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधू’ काढला आणि १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो मुंबईत चालविला, तेव्हा लिहिण्याआधी छापखाना, खिळे आणि कागद यांची तजवीज करावी लागे. आज महिन्याकाठी काही शे रुपयांत यंत्र मिळते आणि कामगारांच्या संघटनेला आपले करार, पगाराचे तक्ते, पत्रके रोज जगासमोर मांडता येतात. एवढे सुलभ साधन हाताशी असताना ते कसे उभे राहते हे न समजून घेणे परवडणारे नाही. ज्याला ते समजत नाही, त्याचा आवाज दुसऱ्याच्या मर्जीवर राहतो.

महिन्याला काही शे रुपयांत आख्खे यंत्र कसे मिळेल, असा प्रश्न कोणीही विचारील. ते आख्खे नसतेच. गिरणगावात एका खोलीत दिवसपाळीचे आणि रातपाळीचे गिरणीकामगार राहत; एक उठला की त्याच वळकटीच्या जागी दुसरा पसरे. येथे तेच घडते, फक्त पाळ्या सेकंदाच्या सूक्ष्म अंशांच्या असतात. एका मोठ्या यंत्राचे एका प्रोग्रॅमच्या साहाय्याने अनेक भाग पाडतात. प्रत्येक भाडेकरूला वाटते की खोली आपल्या एकट्याचीच आहे. अशा भागाला ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणतात. भाडे तासावर मोजले जाते. याहून स्वस्त अशीही एक सोय असते. तीत शेकडो संकेतस्थळे एकाच खोलीत कोंबलेली असतात आणि शेजाऱ्याने गर्दी जमवली की आपलेही दार अडते. ज्याला फक्त लिहावयाचे आहे त्याला तीही पुरते.

यंत्र घेतल्यावर त्यावर लिनक्स ही प्रणाली चढवतात. बहुधा ती चढवलेलीच मिळते. मग तीन गोष्टी लागतात: आलेल्याला पान काढून देणारा सर्व्हर प्रोग्रॅम, लेख साठवणारा डेटाबेस, आणि लिहिण्याचे व मांडणीचे साधन. या शेवटच्या कामासाठी आम्ही वर्डप्रेसची शिफारस करतो. ते २००३ साली निघाले, ते मोफत आहे आणि त्याची मूळ रचना कोणालाही पाहता व बदलता येते. आमच्या शिफारशीचे कारण मात्र निराळे आहे. त्यात लिहिलेले सर्व लेखन उचलून उद्या दुसऱ्या मालकाच्या यंत्रावर नेता येते. जे सामान दारातून बाहेर निघत नाही ते भाड्याच्या घरात भरू नये.

यंत्राच्या दाराला कुलूप असते. संकेतशब्दापेक्षा किल्ल्यांची जोडी वापरणे बरे. जोडीतली एक किल्ली यंत्राला द्यावयाची. ती कोणी पाहिली तरी चालते. दुसरी आपल्याजवळ ठेवावयाची आणि कोणालाही द्यावयाची नाही. येथे संस्थांना आम्ही एक सूचना करतो. बँकेचे खाते आपण एका सहीवर ठेवत नाही; मग यंत्राचे दारही एकाच उत्साही तरुणाच्या हाती का ठेवावे? त्याला बंगळूरला नोकरी लागली की किल्ली त्याच्याबरोबर जाते. दोन पदाधिकाऱ्यांच्या दोन निरनिराळ्या किल्ल्या नोंदवाव्यात, आणि पदाधिकारी बदलले की त्याच दिवशी जुनी किल्ली काढून टाकावी.

आता नावाकडे वळू. आमच्या मते सर्वांत महत्त्वाची बाब ती हीच. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो. तो माणसाच्या लक्षात राहत नाही. प्रारंभी नावे आणि आकडे यांची एकच यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई. यंत्रे वाढली तशी ती यादी पुरेना, तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची विभागलेली नोंदवही योजली. तीच आजतागायत चालू आहे. आपण नाव नोंदवतो, वर्षाची फी भरतो आणि त्या नावापुढे आपल्या यंत्राचा आकडा लिहितो. २०१४ पासून ‘.भारत’ हा शेवट लावून देवनागरीतही नाव घेता येते. यंत्र बदलले तर नोंदवहीतला आकडा तेवढा बदलावयाचा. वाचकाला पत्ताही लागत नाही.

याचा अर्थ असा, की नाव ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात संस्थळ. एका संघटनेचे प्रकरण आम्ही जवळून पाहिले आहे. संस्थळ बांधून देणाऱ्या व्यावसायिकाने नाव स्वतःच्याच खात्यावर नोंदवले होते. पुढे बिलावरून वाद झाला, तेव्हा वर्षानुवर्षे पत्रकांवर छापलेला पत्ता एका दुपारी बंद पडला. कायद्याने भांडता आले असते. पण संप चालू असताना कोर्टाच्या तारखा कोण मोजणार? शेवटी नवे नाव घ्यावे लागले आणि पत्रके पुन्हा छापावी लागली. ज्यांना स्वतःचे नावच नसते त्यांची स्थिती तर याहून केविलवाणी. जिओसिटीज या स्थळावर असंख्य लोकांनी फुकटात आपापली पाने मांडली होती. याहू कंपनीने ते १९९९ साली विकत घेतले आणि २००९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील सेवा बंद केली. काही हौशी मंडळींनी धावपळ करून नकला काढून ठेवल्या, म्हणून त्यातले पुष्कळसे वाचले. जुने पत्ते मात्र कायमचे निकामी झाले.

आणि आगीचे काय? १० मार्च २०२१ च्या पहाटेआधी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीची एक बहुमजली इमारत जळून गेली. मनुष्यहानी झाली नाही. लाखो संकेतस्थळे मात्र बंद पडली. कित्येकांनी मूळ लेखन आणि त्याची नक्कल त्याच आवारात ठेवली होती. त्यांचे दोन्ही गेले. म्हणून नक्कल घ्यावी ती दुसऱ्या गावात, दुसऱ्या कंपनीकडे, आणि एक आपल्या कचेरीतल्या कपाटात. नुसती नक्कल घेऊनही भागत नाही. तिच्यावरून संस्थळ पुन्हा उभे राहते की नाही, हे वर्षातून दोनदा तरी प्रत्यक्ष करून पाहावे. धान्य भरले म्हणून कोणी निश्चिंत राहत नाही. मधून मधून कणगी उघडून पाहतोच.

राहता राहिले बिल. फुकट मुदतीच्या जाहिराती असतात. मुदत संपते तेव्हा कोणी दार ठोठावून सांगायला येत नाही. यंत्र बंद ठेवले तरी डिस्कचे भाडे चालूच राहते. बाहेर जाणाऱ्या मजकुरावर ठरावीक मर्यादेपलीकडे निराळा आकार पडतो. त्यामुळे मोठाल्या चित्रफिती त्या यंत्रावर ठेवू नयेत. अमुक रकमेपुढे खर्च गेला की सूचना यावी, अशी व्यवस्था खात्यात असते. ती पहिल्याच दिवशी करावी आणि सूचना चिटणीस व खजिनदार या दोघांकडेही जाईल असे पाहावे. नावाच्या नूतनीकरणाची तारीख, यंत्राचे मासिक भाडे, नक्कल कोठे आहे आणि किल्ल्या कोणाकडे आहेत, या चार गोष्टी संस्थेच्या इतिवृत्ताच्या वहीत शाईने लिहून ठेवाव्यात. ती वही क्लाउडवर ठेवू नये.