हिरडा आणि लोखंडी कढई

पहिल्यांदा घरी कापड रंगवलं तेव्हा हिरड्याचं पाणी मी लोखंडी कढईत उकळलं. फिकट पिवळी झाक येईल असं वाटलं होतं. मांजरपाटाचा तुकडा बाहेर आला तो आषाढातल्या आभाळासारखा करडा. रात्री आत्याला फोन केला. ती जुन्नरकडच्या डोंगरात बाळहिरडा वेचत वाढलेली. तिने एवढंच विचारलं, "अगं, भांडं कुठलं घेतलंस?"

हिरड्यात टॅनिन असतं. जिभेला जाणवतो तो तुरटपणा त्याचाच. लोखंड भेटलं की ते काळवंडतं. हिरडा आणि हिराकस यांची शाई करायची रीत आपल्याकडे जुनीच. नकळत मी तीच शाई कापडाला पाजली होती.

सुती धागा रंग सहजासहजी धरत नाही. म्हणून आधी हिरडा, मग तुरटी, मग रंग. एकाच मंजिष्ठेच्या काढ्यात तुरटी लागलेली जागा लाल होते, लोखंड लागलेली काळी. हळद मात्र काहीच न लावताही चढते, आणि उन्हात तितक्याच लवकर उडते. साबण लागला की तांबूस होते. हळदीला चुना लागून कुंकू होतं, त्यातलाच हा प्रकार.

कच्छच्या अजरख छपाईत हे सगळं ज्ञान एका कापडावर उतरलेलं दिसतं. खत्री कारागीर कापड एरंडेल, सोडा आणि उंटाच्या लेंड्यांच्या पाण्यात भिजवून उन्हात वाळवतात, मग हिरड्यात बुडवतात. काळ्या रेघेसाठी गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात दिवसचे दिवस आंबवतात. पांढरं राहायचं तिथे चुना आणि डिंकाचा ठसा. नंतर नीळ. निळीच्या हौदातून कापड हिरवट-पिवळं निघतं आणि वारा लागताच डोळ्यांदेखत निळं होतं. अजरखपूरला ते पाहताना मला बोलणं सुचलं नव्हतं.

हे गावच लोखंडापायी वसलं. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर खत्र्यांच्या धमडका या गावच्या पाण्यात लोखंड वाढलं आणि रंग बिघडू लागले. तेव्हा काही खत्री कुटुंबांनी भुजजवळ नवं गाव वसवलं, त्याचं नाव अजरखपूर. चांगल्या पाण्यासाठी माणसं गाव सोडतात, हे मला त्यांच्याकडून कळलं.

म्हणून 'झाडापासूनचा रंग' एवढ्यावर मी भुलत नाही. त्याच्या जोडीला कुणी मोरचूद किंवा क्रोमचे क्षार वापरून ते पाणी ओढ्यात सोडत असेल, तर त्या कापडाला पर्यावरणस्नेही कसं म्हणायचं? तुरटीही मोजूनच घालावी. शिवाय धुण्याला पाणी भरपूर लागतं आणि काढ्याला सरपण. दुकानात कपडा घेताना मी रंग कशाने बसवला आणि पाणी कुठे सोडलं, हे दोन्ही विचारते. मनापासून काम करणारा कारागीर या प्रश्नांनी खुलतो.

आता रंगवायला माझ्याकडे स्टीलचं पातेलं आहे. आमच्या बोअरच्या पाण्यात लाल रंग मळकट येतो, म्हणून जून-जुलैत पागोळ्यांचं पाणी पिंपात धरून ठेवते. तो करडा तुकडा मी टाकला नाही, शिलाई मशीनवर घातला. दिवाळीत आत्याने तो पाहिला. परवा तिने हिरड्यांची पिशवी धाडली, सोबत एक जुनी मलमलची चादर आणि चिठ्ठी: "ही कढईतच रंगव."