साखळीतला गुडघा

दिवाळी आटोपली, मंडया झाल्या, धान घरात आले की आपल्या जिल्ह्यात कबड्डीचे सामने सुरू होतात. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव, कुठेही जा, रात्री दिव्यांच्या उजेडात मैदान आखलेले दिसेल. आणि साधारण याच दिवसांत आमच्या दवाखान्यात एका पायाने लंगडत येणारी कॉलेजची मुले वाढतात.

टाळ्या चढाई करणाऱ्याला पडतात, हे वाचकांना ठाऊकच आहे. गुडघा मात्र पुष्कळदा जातो तो पकड करणाऱ्याचा, विशेषतः कोपरारक्षकाचा आणि त्याच्या हाताला हात धरून साखळीत उभ्या असलेल्या गड्याचा. अमेरिकेतील कॉलेजांत जो फुटबॉल खेळतात (आपला नव्हे, अंडाकृती चेंडूचा), त्यात पाच धिप्पाड गडी एका रांगेत उभे राहून नुसते समोरच्यांना थोपवतात. चेंडू त्यांच्या हाती क्वचितच येतो आणि नाव तर कोणाच्या लक्षातही राहत नाही. त्यांच्या गुडघ्यांना मोठा धोका कोणता? पाय जमिनीत रोवलेला असताना बाजूने कोणीतरी, अनेकदा आपलाच जोडीदार, पायावर कोसळणे. म्हणून तेथील अनेक संघ या गड्यांना दोन्ही गुडघ्यांना लोखंडी पट्ट्यांचे आधार बांधायला लावतात. आपल्या साखळीतही हेच घडते. कोपरारक्षक घोटा धरतो, चढाईवाला सारे बळ लावून मध्यरेषेकडे झेपावतो, पकडणाऱ्याचा पाय मॅटला घट्ट चिकटलेला, गुडघा आत वळलेला, आणि तेवढ्यात मदतीला धावलेले दोघे वरून पडतात.

गुडघ्याच्या आत, मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना जोडणारे दोन अस्थिबंध फुलीसारखे एकमेकांना छेदून जातात. त्यांतील पुढचा जेमतेम करंगळीएवढा. नडगीचे हाड पुढे सरकू न देणे आणि पाय पिळला असता सांधा सावरणे हे त्याचे काम. वरच्यासारखा पीळ बसला की तो तुटतो. खेळाडू सांगतो, ‘आतून कट् असा आवाज आला.’ दोन-चार तासांत गुडघा सुजून टरारतो, कारण सांध्यात रक्त साठते. ही दोन लक्षणे एकत्र दिसली तर ‘साधी मुरगळ’ म्हणून सोडून देऊ नये.

गेल्या हंगामात बी.ए.ला असलेला असाच एक मुलगा वडिलांसोबत आला. दुखापत होऊन अडीच महिने झाले होते. पहिल्याच रात्री गरम तेलाने चोळले, दुसऱ्या दिवशी गावातल्या जाणत्याने पाय ओढून ‘बसवला’. वडील म्हणाले, ‘‘साहेब, फोटो काढला, हाड साबूत आहे म्हणतात. सरळ चालते तं काहीच नाही. पण धुऱ्यावरून वळला का गुडघा सटकते.’’

त्यांच्या या एका वाक्यात रोगाचे निदान होते. एक्स-रेमध्ये हाड दिसते, अस्थिबंध दिसत नाही. म्हणून फोटो ‘नॉर्मल’ येतो आणि घरचे निश्चिंत होतात. सूज उतरल्यावर सरळ रस्त्यावर चालताही येते. पण वळताना, जिना उतरताना, बांधीच्या चिखलात पाय फिरवताना गुडघा दगा देतो. प्रत्येक वेळी तो सटकला की आतली गादी थोडी थोडी चिरडते, आणि ऐन तारुण्यात सांधा झिजायला लागतो. अस्थिरोगतज्ज्ञ हाताने नडगी पुढे ओढून पाहतात, त्यातच बरेचसे कळते. खात्रीसाठी एमआरआय करतात. गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. निदान तपासणीसाठी तरी थेट नागपूर गाठण्याची गरज नाही.

मैदानावर काय करावे? खेळ तिथेच थांबवावा. ‘पट्टी बांधून एक चढाई कर’ हा आग्रह मंडळाच्या कार्यकर्त्यांनी कृपा करून सोडावा. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, दर दोन-तीन तासांनी पुन्हा. क्रेप बँडेज बांधून पाय उशीवर उंच ठेवावा. पहिले तीन दिवस शेक नाही, चोळणे नाही, ओढणे तर कधीच नाही. गुडघा मध्येच अडकून सरळ होत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि ढिगाखाली सापडलेला गडी मानेत कळ येते किंवा हातपायांना मुंग्या येतात म्हणाला, तर त्याला काखेत हात घालून उचलू नये. मान न हलवता फळीवर घेऊनच न्यावे.

तुटलेला हा अस्थिबंध बहुधा आपोआप पूर्वीसारखा जुळत नाही. तरी प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागते असेही नाही. ज्याला पुन्हा खेळायचे नाही आणि ज्याचा गुडघा सटकत नाही, त्याचे मांडीच्या व्यायामावर भागू शकते. खेळायचे असेल तर शरीरातलाच दुसरा स्नायूचा दोर काढून तिथे बसवतात. तो पक्का व्हायला वेळ लागतो. नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणे म्हणजे पुन्हा तोडून घेणे.

हंगामाआधीची तयारी याहून स्वस्त. गुडघे टेकून बसावे, जोडीदाराने मागून घोटे दाबून धरावेत, आणि कंबर न वाकवता अंग हळूहळू पुढे झुकवत न्यावे. मांडीच्या मागचे स्नायू याने बळकट होतात, आणि हेच स्नायू नडगीला मागे धरून ठेवतात. उडी मारून उतरताना गुडघे वाकलेले असावेत, एकमेकांकडे झुकलेले नसावेत. मुलींनी हे अधिक नेमाने करावे, कारण वळण्या-उड्यांच्या खेळांत ही दुखापत त्यांना मुलांपेक्षा जास्त होते. शिवाय मातीवर सराव करून एकदम मॅटवर सामना खेळू नये. माती पायाला थोडे सरकू देते, मॅट देत नाही.

त्या मुलाची शस्त्रक्रिया झाली. परवा तो नववा महिना मोजत आला, यंदा खेळू का म्हणून. एका पायावर उडी मारायला लावली. चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के अंतर दुखऱ्या पायाने कापायला हवे, त्याचे ऐंशीलाही पोचले नाही. ‘‘अजून तीन महिने व्यायाम कर, मग ये,’’ म्हटले. थोडा हिरमुसला. यंदा तो गावच्या सामन्यांत गुणलेखकाच्या टेबलावर बसणार आहे.