न्हाणीच्या चुलीतलं पोटॅश

आमच्या कोकणात राख उकिरड्यावर फेकणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. न्हाणीच्या चुलीतली राख मी चाळून घेते, खिळे-कोळसे काढते आणि माडाच्या आळ्यात, बुंध्यापासून हातभर लांब, पसाभर पसरते. राखेत पोटॅश आणि चुना असतो. नत्र मात्र जळतानाच धुरावाटे निघून जातं. म्हणून शेणखत हवंच. पण ताज्या शेणात राख कालवू नका, युरियात तर नकोच. अमोनिया उडून जातो. आमची जांभ्याची माती आम्लधर्मी, तिला राख मानवते. देशावरच्या चुनखडीच्या रानात तीच राख नुकसान करील. काकडीच्या कोवळ्या पानांवर लाल भुंगे दिसले, की पहाटेच्या दवात राख भुरभुरावी. पाऊस पडला की पुन्हा. दगडी कोळशाची राख? ती परसात आणूच नये.