समुद्रावरचे बिऱ्हाड

घरचा नळ गळू लागला की आपण प्लंबरला निरोप धाडतो. वीज गेली की मेणबत्ती लावून बसतो. गॅस संपला तर आई शेजारच्या काकूंकडे भात टाकते. आता अशी कल्पना करा, की तुमचे घर जेमतेम सतरा मीटर लांब आहे, ते रात्रंदिवस डोलते आहे आणि सर्वांत जवळचा शेजारी शेकडो किलोमीटर दूर आहे. या घरात नळ, वीज आणि गॅस तुमचे तुम्हीच सांभाळायचे!

ही नुसती कल्पना नाही. १० सप्टेंबर २०१७ रोजी भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकारी गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून गोव्याहून निघाल्या. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड बेटे आणि केप टाउन असे थांबे घेत, पृथ्वीप्रदक्षिणा करून त्या २१ मे २०१८ रोजी गोव्यात परतल्या. शेवटच्या टप्प्यात सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला, म्हणून मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात त्यांना थांबावे लागले. इतक्या कसलेल्या खलाशांच्या नौकेतही बिघाड होतोच. मग लांबच्या सफरीवर निघालेले लोक नौकेची निगा राखतात तरी कशी? चला, पाहू या.

पहिली काळजी भोकांची. भोके? होय! इंजिन थंड ठेवायला समुद्राचे पाणी आत घ्यावे लागते, मोरीचे पाणी बाहेर सोडावे लागते. त्यासाठी नौकेच्या अंगाला मुद्दाम भोके ठेवलेली असतात. प्रत्येकावर एक तोटी असते, तिला ‘सीकॉक’ म्हणतात. तोटीला जोडलेली नळी निसटली तर काय होईल? हिशेब करू. भोकाचा व्यास ४ सेंटिमीटर आणि ते पाण्याखाली १ मीटर आहे असे समजा. टॉरिचेलीच्या नियमाप्रमाणे पाणी सेकंदाला सुमारे ४.४ मीटर वेगाने आत घुसेल. भोकाचे क्षेत्रफळ साधारण १२.६ चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला की सेकंदाला साडेपाच लिटर येतात. पाण्याची धार भोकातून येताना आकसते, म्हणून प्रत्यक्षात सुमारे ३.३ लिटर धरू. म्हणजे १५ लिटरची बादली साडेचार सेकंदांत भरली! मिनिटाला झाले दोनशे लिटर. हातपंप मारून हे पाणी उपसणे एकट्यादुकट्याचे काम नव्हे.

यावरचा उपाय मात्र अगदी साधा आहे. प्रत्येक तोटीशेजारी तिच्या मापाची निमुळती लाकडी गुडदी दोरीने बांधून ठेवतात. नळी निसटली की गुडदी ठोकायची. लाकूड पाण्याने फुगते आणि अधिकच घट्ट बसते. शिवाय तोट्या वरचेवर उघडझाप करून पाहतात. न फिरवलेली तोटी गंजून जाम होते आणि नेमकी संकटात फिरत नाही.

दुसरी काळजी धातूंची. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात बुडवून तारेने जोडले, की तुमच्या पुस्तकातला विद्युतघट तयार होतो. नौकेखाली काशाचा पंखा आणि पोलादाचा दांडा शेजारी शेजारी असतात. म्हणजे घट आयताच तयार! त्यात जो धातू इलेक्ट्रॉन सहज सोडतो, तो झिजतो. म्हणून दांड्यावर जस्ताचा तुकडा बसवतात. जस्त इलेक्ट्रॉन सोडण्यात या धातूंच्या पुढे, त्यामुळे झीज त्याच्या वाट्याला येते आणि बाकीचे धातू वाचतात. हे जस्त निम्मे झिजले की बदलायचे. त्याला रंग मात्र कधीच लावायचा नाही. रंगाखाली झाकलेले जस्त पाण्याला लागणार कसे?

ही युक्ती १८२४ साली हंफ्री डेव्ही यांनी जहाजांच्या तळाच्या तांब्यावर वापरली. तांबे वाचले, पण त्यावर शंख-शेवाळ वाढू लागले! झिजताना पाण्यात उतरणारे तांबेच आजवर त्या जीवांना दूर ठेवत होते. निसर्गाचा हिशेब असा चोख असतो.

तिसरी काळजी पाण्याची आणि विजेची. माणसाला नुसते प्यायला दिवसाला तीन लिटर पाणी धरले, तरी दोघांना तीस दिवसांसाठी १८० लिटर लागते. म्हणून भांडी समुद्राच्या पाण्याने घासतात आणि शेवटी थोड्याशा गोड्या पाण्याने विसळतात. कपडे मात्र खाऱ्या पाण्यात धुऊन भागत नाही. पावसाळ्यात मिठाची बरणी कशी ओलसर होते, आठवते ना? तसेच मीठ कपड्यांत राहिले, की ते हवेतली वाफ ओढून घेते आणि कपडे दमटच राहतात.

विजेचेही तसेच. शंभर अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी टिकायला हवी असेल, तर तिच्यातले निम्मेच, म्हणजे पन्नास, वापरायचे. आपोआप सुकाणू धरणारे यंत्र सरासरी तीन अँपिअर घेत असेल, तर ते सतरा तासांतच संपले! शंभर वॉटचे सौरपत्रे पाच तास चांगल्या उन्हात फार तर चाळीस अँपिअर-तास परत देतील. म्हणूनच अनेक नौकांवर वाऱ्याच्याच जोरावर सुकाणू फिरवणारी पाती बसवतात. तिला विजेचा एक थेंबही लागत नाही.

चौथी काळजी गॅसची. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात तो दाराखालून निघून तरी जाईल, पण नौका म्हणजे एक मोठे परातच. गळलेला गॅस तळाशी साठून राहतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. म्हणून सिलिंडर वेगळ्या कप्प्यात ठेवतात आणि त्या कप्प्याच्या तळातून बाहेर उघडणारी वाट काढतात. स्वयंपाक झाला की शेगडी नव्हे, सिलिंडरचीच कळ आधी बंद!

आता एक प्रयोग करा. तीन पेल्यांत मिठाचे पाणी घ्या. एका पेल्यात स्वच्छ घासलेला लोखंडी खिळा ठेवा, दुसऱ्यात तांब्याची तार गुंडाळलेला आणि तिसऱ्यात प्रयोगशाळेतून मागून आणलेली जस्ताची पट्टी गुंडाळलेला. चार दिवस रोज पाहा आणि वहीत नोंद करा. कोणता खिळा आधी गंजला? कोणता वाचला?

रोज पाहणे आणि नोंद करणे, हीच समुद्रावरच्या बिऱ्हाडाची खरी विद्या आहे. तिथे हाकेला धावून येणारे कोणी नसते. वेळीच लक्षात आलेली सैल नळी, हीच तिथली मोठी मदत.