मोबाईल उपयोजनांतील स्पर्शघटनांचे निवडक नियंत्रण : ई-पीक पाहणीच्या संदर्भात

प्रस्तावना :
महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी प्रकल्प राज्यभर सुरू केला. त्यामुळे बुलडाणा जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांतील सोयाबीन, कापूस व तूर उत्पादक शेतकऱ्यांना पिकाची नोंद मोबाईलवरून स्वतः करणे शक्य झाले. ही नोंद सातबाऱ्यावर येते व हमीभाव खरेदीसारख्या कामी तिचा आधार घेतला जातो. साहजिकच चुकून झालेला स्पर्श ही अशा उपयोजनात किरकोळ बाब ठरत नाही.

स्पर्शाचा मार्ग :
पडद्यावरील रचना ही एकात एक बसविलेल्या घटकांची, म्हणजेच व्ह्यूंची असते. उदा. सरकणारा अर्ज, अर्जात नकाशा आणि नकाशावर बटण. अँड्रॉइड प्रणालीत स्पर्श प्रथम बाहेरील घटकाकडे येतो व तेथून आत जातो. आतील घटकाने 'बोट टेकले' ही पहिली घटना स्वीकारल्यास बोट सरकणे, उचलणे या पुढील घटना त्यालाच मिळतात. न स्वीकारल्यास ती पालक घटकाकडे परतते. पालकाने मध्येच ताबा घेतला, तर आतील घटकास स्पर्श रद्द झाल्याची सूचना मिळते.

निवड कशी होते :
१) बटणावर टेकलेले बोट ठरावीक अंतरापलीकडे सरकले, की अर्ज ताबा घेतो. त्यामुळे अर्ज सरकविताना बटण दाबले जात नाही.
२) नकाशा हलविताना मात्र अर्ज सरकू नये, यासाठी नकाशा पालकास ताबा न घेण्याची विनंती करतो.
३) सूचना दाखविणाऱ्या पारदर्शक थराने स्पर्श खालील घटकाकडे जाऊ द्यावा. आयफोनच्या प्रणालीत 'हा बिंदू माझ्या कक्षेत नाही' असे उत्तर देऊन थरास हे साधता येते.
४) माहिती पाठविली जात असताना दिसणाऱ्या थराने याउलट सर्व स्पर्श अडवावेत, अन्यथा मंद इंटरनेटमुळे बटण पुन्हा दाबले जाऊन दुबार नोंदीचा संभव असतो.

निष्कर्ष :
कोणता घटक स्पर्श स्वीकारील, कोणता पुढे सोडील व कोणता अडवील, हे रचनेच्या वेळीच ठरविले पाहिजे. बटणाची किमान लांबी-रुंदी अँड्रॉइडमध्ये ४८ डीपी, तर आयफोनमध्ये ४४ पॉइंट असावी, ही मार्गदर्शक तत्त्वेही त्यासोबत पाळावीत. संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत अशा उपयोजनांची चाचणी वर्गाप्रमाणेच शेताच्या बांधावरही घेतल्यास विद्यार्थ्यांना या विषयाचे खरे महत्त्व उमगेल.