सोबत जगणारे व्यावसायिक

डेन्मार्कमधल्या बालगृहात मूल येते, तेव्हा त्याचे प्रकरण नगरपालिकेचा समाजकार्यकर्ता हाताळतो. आघातावर उपचार मानसशास्त्रज्ञ करतात, गणित शाळेतले शिक्षक शिकवतात. मग ‘पेडॅगॉग’ काय करतो? तो मुलासोबत स्वयंपाक करतो, सायकल दुरुस्त करतो, भांडण झाले की शेजारी बसतो. हे घरगुती वाटेल. पण त्यामागे साडेतीन वर्षांचे पदवीशिक्षण असते आणि जवळीक कुठवर ठेवायची याचा रोजचा विचारही. नाते हेच त्याचे साधन.

जर्मनीत पाउल नाटोर्प यांनी १८९९ मध्ये या कामामागच्या सामाजिक शिक्षणशास्त्राची तात्त्विक मांडणी केली. तिथे आता हे शास्त्र आणि समाजकार्य बहुधा एकाच अभ्यासक्रमात शिकवतात. मला डॅनिश विभागणी अधिक पटते: ज्याच्या हाती आपल्या प्रकरणाचा निर्णय नाही, त्याच्याशी मूल मोकळेपणाने बोलू शकते.