डोळ्याची काच : रचना, कार्य व जतन

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात डोळ्याची आकृती असते. ती काढून भागांना नावे दिली की गुण मिळतात आणि बहुतेकांचा डोळ्याच्या शास्त्राशी असलेला संबंध तेथेच संपतो. या लेखात आम्ही ती आकृती पुन्हा उघडणार आहोत. पण तिच्यातील एका भागापाशी अधिक वेळ थांबणार आहोत. आपल्या ऊसपट्ट्यात व ऊसतोडीला जाणाऱ्या गावांत डोळ्याला जी इजा वारंवार होते, ती याच भागाला होते.

डोळ्याचा गोल साधारण २४ मिलिमीटर व्यासाचा असतो. बाहेरचे पांढरे आवरण टणक व अपारदर्शक असते. समोर मात्र तेच आवरण स्वच्छ, पारदर्शक होते व थोडे फुगते, घड्याळावर काच बसवावी तसे. हे पारपटल होय. त्याच्यामागे पाण्यासारखा द्रव, मग बुबुळाचा रंगीत पडदा आणि त्या पडद्याच्या मधोमध असलेले छिद्र म्हणजे बाहुली. येथे शब्दांचा एक घोटाळा आहे. बोलताना आपण डोळ्याच्या सगळ्या काळ्या भागाला बुबुळ म्हणतो, वर्तमानपत्रांतही ‘बुबुळरोपण’ असे छापून येते. प्रत्यक्षात रोपण होते ते पुढच्या पारपटलाचे, रंगीत पडद्याचे नव्हे.

बाहुली उजेडात लहान व अंधारात मोठी होते. विद्यार्थी मित्रांनी आरशासमोर उभे राहून बॅटरीचा उजेड बाजूने डोळ्यावर टाकून पाहावा. बाहुलीच्या मागे भिंग असते. ते स्नायूंच्या साहाय्याने कमी-जास्त फुगते, म्हणून आपण लांबचा फळाही वाचतो आणि हातातील वहीही. चाळिशीनंतर भिंगाचा लवचीकपणा कमी होतो व चष्मा लागतो. म्हातारपणी ते गढूळ झाले की त्याला मोतीबिंदू म्हणतात. सर्वांत मागे दृष्टिपटल. त्यावर समोरच्या वस्तूची उलटी प्रतिमा पडते. तेथील सुमारे १२ कोटी दंडपेशी अंधुक प्रकाशात पाहण्याचे, तर सुमारे ६० लाख शंकुपेशी रंग व बारकावे ओळखण्याचे काम करतात. तेथून दृक्‌चेता मेंदूकडे संदेश नेते, आणि उलट्या प्रतिमेचा सुलट अर्थ मेंदू लावतो.

ही चेता जेथून बाहेर पडते तेथे दिसण्याची सोय नाही. कागदावर आठ सेंटिमीटर अंतरावर डावीकडे फुली व उजवीकडे ठिपका काढा. डावा डोळा झाकून उजव्याने फुलीकडेच पाहत कागद हळूहळू जवळ आणा. साधारण एक फूट अंतरावर ठिपका नाहीसा होईल. हा अंधबिंदू प्रत्येकाला असतो आणि आयुष्यभर जाणवत नाही.

आता पारपटलाकडे येऊ. प्रकाश एकत्र आणण्याचे काम भिंग करते असे आपण पाठ केलेले असते. परंतु डोळ्याच्या एकूण शक्तीपैकी सुमारे दोन-तृतीयांश शक्ती या पुढच्या काचेची असते. तिची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर. ती स्वच्छ राहण्याचे एक मोठे कारण म्हणजे तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. तिला प्राणवायू मिळतो तो अश्रूंच्या थरातून, थेट हवेतून. पोषण मिळते मागच्या द्रवातून. आतल्या बाजूचा पेशींचा एकेरी थर तिच्यातील जादा पाणी सतत बाहेर काढत असतो. माणसात या पेशी मेल्या की त्या जागी नव्या सहसा तयार होत नाहीत.

रक्त नाही म्हणून काच स्वच्छ. पण रक्त नाही म्हणूनच रोगजंतूंशी लढणाऱ्या रक्तातील पेशींना तेथे लवकर पोहोचता येत नाही. या एका गोष्टीत पुढचे सगळे आले.

सहकारी साखर कारखानदारीचा पाया १९५० च्या सुमारास आपल्याच जिल्ह्यात, प्रवरानगर येथे घातला गेला. आज दसरा-दिवाळी झाली की पाथर्डी, शेवगाव या तालुक्यांतून ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात. ज्यांनी उसाच्या फडात काम केले आहे त्यांना उसाच्या पानाची धार सांगायला नको. वाकून कोयता चालवताना पान डोळ्यावर सपकन बसते. पारपटलावर बारीक ओरखडा उठतो, डोळा लाल होतो, पाणी येते. दोन-चार दिवसांत बरे वाटू लागते. पण पानावर, पाचटावर, मातीत बुरशीचे बीज असते. ते त्या ओरखड्यात रुजते आणि आठवडाभराने काळ्या भागावर पांढरा ठिपका दिसू लागतो. ही बुरशीची जखम होय. ज्वारी-बाजरीचे कुसळ गेले तरी हेच होऊ शकते.

या मधल्या दिवसांतच बहुतेक डोळे जातात. फडात नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. एकाने खाडा केला तर जोडीचे काम थांबते आणि उचल तर फेडायची असते. मग कोणी मध घालतो, कोणी तूप, कोणी जिभेने कुसळ काढून देतो. सर्वांत घातक म्हणजे दुकानातून न विचारता आणलेले थेंब. त्यात स्टेरॉइड असेल तर लाली झटकन उतरते, रुग्णाला गुण आल्यासारखे वाटते आणि आत बुरशी मोकाट वाढते. बुरशीवर नाटामायसिनसारखे वेगळे औषध लागते. ते सुरुवातीला तासातासाला व पुढे कित्येक आठवडे घालावे लागते. जखम भरली तरी पांढरा डाग राहतो. त्यालाच खेड्यात ‘फूल पडले’ म्हणतात.

म्हणून डोळ्याला पान लागले तर चोळू नये. स्वच्छ पाण्याने धुवावे, रुतलेले कुसळ स्वतः ओढू नये व त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील जिल्हा रुग्णालयात व लोणीच्या प्रवरा ग्रामीण रुग्णालयात नेत्रविभाग आहेत. तंबाखूच्या चुन्याची पुडी लहान मुलांच्या हाती पडू देऊ नये. चुना डोळ्यात उडाल्यास दवाखान्याची वाट न पाहता तेथल्या तेथे भरपूर पाण्याने, निदान अर्धा तास डोळा धुवावा आणि मगच निघावे.

चुन्यानेच दोन्ही डोळे भाजलेल्या एका मजुरावर ७ डिसेंबर १९०५ रोजी आजच्या चेक देशातील ओलोमोउत्स गावी डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी पारपटलरोपणाची जगातील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. मूत्रपिंडरोपण यशस्वी होण्याच्या कितीतरी आधी हे साधले. पारपटलात रक्तवाहिन्या नसल्याने शरीर परक्या पारपटलाला सहसा लवकर नाकारत नाही, आणि नेहमीच्या रोपणात रक्तगटही जुळवावा लागत नाही. जे वैगुण्य बुरशीच्या पथ्यावर पडते तेच येथे उपयोगी येते.

सिवी जातकातील राजाने जिवंतपणी आपले डोळे काढून दिले व ते काढणारा सीवक नावाचा वैद्य होता, ही कथा आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. श्रीलंकेत डॉ. हडसन सिल्वा यांनी १९६१ साली नेत्रदान संस्था स्थापन केली. त्या देशाने पुढे अनेक देशांना पारपटले पाठविली. आपल्याकडून सिवी राजाइतकी अपेक्षा कोणी करीत नाही. नेत्रदान मृत्यूनंतरच होते.

ते मृत्यूपासून सहा तासांच्या आत व्हावे लागते. नेत्रपेढीला फोन करावा, मृताच्या पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी व पंखा बंद करावा. चष्मा, मधुमेह किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांचा अडथळा नाही. रेबीज, एड्स, कावीळ-ब यांसारख्या रोगांत डोळे घेत नाहीत. चेहरा विद्रूप होत नाही; पुष्कळदा केवळ पारपटलच काढले जाते. दोन डोळ्यांतून दोन माणसांना दृष्टी मिळू शकते. पूर्वी अर्ज भरलेला नसला तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने नेत्रदान होते. अर्ज भरून तो पेटीत ठेवला आणि घरच्यांना सांगितलेच नाही, तर मात्र सहा तास निघून जातात.